फ्रेने गुरुजींचा छापखाना

माझी पुतणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा नेहमीसारखी बोलत नव्हती. फराळाची ताटली पुढ्यात तशीच. कारण हळूहळू कळलं. तिच्या तालुक्यातल्या शिक्षकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. हातच्याची वजाबाकी शिकवायची कुणाला नवी युक्ती सुचली की तो तिथं टाकतो, कुणी मुलांची चित्रं टाकतं, कुणी अडलेलं विचारतं. पुतणीनं तिथं एका मुलाच्या वहीचं पान टाकलं होतं. मुलानं आपल्या घराविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. शुद्धलेखन यथातथाच, पण वाचणाऱ्याच्या पोटात कालवावं असं लिहिणं. बापाच्या पिण्याचा उल्लेख त्यात होता. ते पान कुणीतरी पुढं ढकललं, फिरत फिरत गावात पोचलं आणि एक दिवस बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. प्रकरण मिटलं, पण हिनं ग्रुप सोडला. आता शाळेत ती फोन पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाही.

मी तिची समजूत काढायला गेलो नाही. तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. आमच्या घरात गोष्टीची सवय आहे. ती गोष्ट थोडी सविस्तर लिहावी असं तेव्हापासून मनात होतं.

या माणसाचं नाव सेलेस्तँ फ्रेने. फ्रान्समध्ये शिक्षकांना हे नाव सांगावं लागत नाही, तिथं त्यांच्या नावाच्या शाळा आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये नीस शहराच्या मागं आल्प्सच्या डोंगररांगा सुरू होतात. तिथं गार नावाचं लहानसं खेडं आहे. १५ ऑक्टोबर १८९६ रोजी फ्रेनेंचा जन्म तिथं झाला. घर शेतकऱ्याचं. लहानपण गुरं-मेंढरं, ओढे आणि डोंगर यांत गेलं. पोरगा हुशार म्हणून नीसच्या शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात गेला. तिथं शिकत असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विशीही न ओलांडलेल्या या पोराला १९१५ मध्ये बोलावणं आलं. १९१७ मध्ये शमँ दे दाम इथल्या आघाडीवर गोळी लागली, ती फुप्फुसात. जीव वाचला, पदकं मिळाली, पण पुढची काही वर्षं रुग्णालयं आणि आरोग्यधामं यांतच गेली. फुप्फुस पूर्ववत झालंच नाही.

अशा माणसानं शिक्षक होऊ नये, असंच कुणीही सांगितलं असतं. त्या काळचा मास्तर म्हणजे दिवसभर मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. मला चौथीत शिकवणाऱ्या गुरुजींचा आवाज पलीकडच्या आळीत ऐकू यायचा. फ्रेने १९२० साली बार-स्यूर-लू या डोंगरावरच्या गावात रुजू झाले, तेव्हा थोडा वेळ बोललं तरी त्यांना धाप लागायची. वर्ग बंदिस्त, कोंदट, धुळीचा. बाकांवर खेड्यातली पोरं, ज्यांचं सारं लक्ष खिडकीबाहेर.

त्यांनी केलं ते साधं होतं. मुलांना घेऊन ते बाहेर पडायला लागले. गावातला विणकर, सुतार, लोहार, शेत, ओढा. बाहेर मोकळी हवा होती आणि बोलायचं काम मुलंच करत. परत आल्यावर पाहिलेलं चार ओळींत फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं. पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. फळा पुसला की सगळं संपतं. पुस्तक उघडलं की पुन्हा कुठल्यातरी शहरातल्या कुणीतरी लिहिलेलं, या मुलांनी कधी न पाहिलेलं जग सुरू. मुलांचं जिवंत बोलणं फळ्यावर, आणि छापलेलं, म्हणून प्रतिष्ठेचं, ते परक्याचं.

याच सुमाराला त्यांनी स्वतःचं शिक्षण सुरू ठेवलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पगार तुटपुंजा, प्रकृती अशी, तरी १९२२ मध्ये ते जर्मनीत हॅम्बुर्गच्या शाळा बघून आले. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मॉन्त्रो इथं नव्या शिक्षणाची परिषद भरली, तिला गेले. पुढं १९२५ मध्ये शिक्षक संघटनेच्या शिष्टमंडळाबरोबर रशियालाही जाऊन आले. मॉन्त्रोला फेरिएर, क्लापारेद अशी त्या काळातली मोठमोठी नावं जमली होती. फ्रेनेंनी ती सारी भाषणं ऐकली आणि परतताना ते खिन्न झाले. सांगितलं जात होतं ते खोटं नव्हतं. पण ते ज्या शाळांविषयी होतं त्या शाळांत मुलं थोडी, इमारती छान, साधनं भरपूर. परत आल्यावर त्यांच्यासमोर तीच धुळीची खोली होती आणि पैसा नव्हता. कुणाला विचारावं तर आसपास विचारण्यासारखं कुणी नाही.

मी बँकेत नोकरी केली, म्हणून हे एकटेपण मला कळतं. मुख्य कार्यालयाकडून परिपत्रकं यायची, त्यांचे गठ्ठे व्हायचे. पण आडगावच्या शाखेत वर्षअखेरीला ताळा जुळत नसला, की परिपत्रक उपयोगी पडायचं नाही. उपयोगी पडायचा तो शेजारच्या तालुक्यातला, आपल्यासारखाच रात्री अकरापर्यंत लेजरवर डोकं धरून बसलेला दुसरा अधिकारी. वरून खाली येणारी माहिती वेगळी आणि शेजारून येणारी वेगळी. फ्रेनेंना त्या दुसऱ्या वाटेची गरज होती, आणि ती वाट त्यांना एका यंत्रानं दाखवली.

१९२४ मध्ये त्यांनी एक लहानसा हातछापखाना घेतला. किरकोळ कामं छापण्यासाठी असा बारका छापखाना मिळायचा. मेजावर मावेल एवढा. शिशाचे खिळे, ते जुळवायची पट्टी, शाईचा रूळ आणि कागद दाबायची फळी. तो त्यांनी वर्गात आणून ठेवला आणि मुलांच्या हातात दिला. एखाद्या मुलानं काही सांगायचं, सगळ्या वर्गानं मिळून त्याची भाषा नीट करायची, मग मुलांनी खिळे जुळवायचे, शाई लावायची, छापायचं. गोगलगायींची शर्यत झाली तर शर्यतीवर मजकूर. पाऊस आला तर पावसावर. आपल्या छापखान्यांत खिळे जुळवणारे कामगार ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, की हे काम किती नेटकं आणि चिकाटीचं. अक्षरं उलटी वाचावी लागतात. एक अक्षर चुकलं की सगळ्या प्रतींवर ते चुकतं. शुद्धलेखनासाठी छडी मारावी लागणारी पोरं इथं स्वतःहून चूक शोधू लागली, कारण आता वाचणारा कुणीतरी होता.

कोण होता हा वाचणारा? सुरुवातीला आईबाप, शेजारी. पण १९२६ मध्ये खरी गंमत झाली. ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक समुद्राकाठी त्रेगँ नावाचं गाव आहे. तिथल्या रने दानिएल या शिक्षकानंही छापखाना घेतला होता. दोघांनी ठरवलं, की आपापल्या वर्गातली पानं एकमेकांना पोस्टानं धाडायची. डोंगरातल्या मुलांना समुद्रावरच्या मुलांची पानं येऊ लागली, समुद्रावरच्यांना डोंगराची. प्रत्येक मुलाला तिकडे स्वतःचा एक पत्रमित्र. पाठोपाठ पार्सलं. पोस्टमन यायच्या वेळेला वर्ग कसा असेल, याची कल्पना तुम्हीच करा. भूगोल नावाचा विषय वेगळा शिकवायची गरज उरली नाही. मासे धरणाऱ्या माणसाचा मुलगा दुसऱ्या टोकाला आपली वाट बघतो आहे, हेच भूगोल.

मुलांच्या या पत्रांपेक्षाही मला मोलाची वाटते ती त्यामागची शिक्षकांची पत्रं. छापखाना घेतलेले शिक्षक सुरुवातीला बोटांवर मोजण्याएवढे. कुणी उत्तरेत, कुणी दक्षिणेत, बहुतेक खेड्यांतले. त्यांच्यात परिपत्रकासारखं एक छापील पत्रक फिरू लागलं. पुढं फिरत्या वहीची पद्धत रूढ झाली. एक शिक्षक वहीत आपला अनुभव लिहितो, अडचण लिहितो आणि वही पोस्टानं पुढच्याला पाठवतो. पुढचा त्याखाली आपलं लिहितो. वही सगळ्यांकडे फिरून परत पहिल्याकडे येते, तेव्हा त्याच्या एका प्रश्नाखाली बरीच उत्तरं असतात. यात साहेब कुणी नाही. तपासणी अधिकारी नाही. काय फसलं, तेही लिहायचं. आपल्याकडे शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याला जाऊन सह्या करणं, असा समज अजून पुरता गेलेला नाही. या वहीला सहीची गरज नव्हती.

१९२७ मध्ये तूर शहरात या शिक्षकांचा पहिला मेळावा भरला. १९२८ पर्यंत सहकारी संस्था उभी राहिली. सहकाराचं नाव काढलं की मराठी माणसाला साखर कारखाना आठवतो. ही संस्था खिळे, शाई, कागद विकायची आणि सभासद होते प्राथमिक शिक्षक. तिच्यात नुसता छापखाना नव्हता. त्या वेळी घरगुती वापराचे छोटे सिनेमा प्रोजेक्टर नवे आले होते, तर शाळांसाठी फिल्मा फिरवायची व्यवस्था झाली. रेडिओ आला, ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, त्यांचेही विभाग निघाले. जे नवं यंत्र बाजारात येईल, त्याच्याकडे ही मंडळी एकाच नजरेनं पाहायची: याचा वर्गात मुलाच्या हाती काय उपयोग? मुलांच्या निवडक मजकुरांचं 'ला जर्ब', म्हणजे पेंढी, या नावाचं मासिक निघालं. १९३२ पासून मुलांसाठी लहान लहान माहितीपुस्तिका निघू लागल्या. पहिली होती गाड्या आणि बग्ग्या या विषयावर. लेखन शिक्षकांनी करायचं, मसुदा वर्गांत वाचून पाहायचा, मुलांना कळत नसेल ते बदलायचं आणि मग छापायचं.

यात एलीझ फ्रेने यांचा वाटा मोठा. १९२६ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या शिक्षिका, शिवाय चित्रकार आणि कोरीव ठशांच्या कलावंत. मुलांच्या चित्रांना या चळवळीत जी प्रतिष्ठा मिळाली ती त्यांच्यामुळे. चळवळीचा इतिहासही त्यांनीच १९४९ मध्ये पुस्तकरूपानं लिहिला. पुढं जे सांगणार आहे त्यातलं पुष्कळ जगाला कळलं ते त्यांच्याकडून, तेव्हा पत्नीच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

१९२८ मध्ये दोघं सँ-पॉल या गावात बदलून आली. हे गाव आज चित्रकारांचं आणि प्रवाशांचं म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा शाळेची अवस्था वाईट होती. संडास, पाणी, वर्ग, सगळ्याचीच रड. शाळेचा खर्च नगरपालिकेनं करायचा, आणि फ्रेने सतत नगराध्यक्षांकडे मागण्या करत. गरीब मुलांना वह्या-पेन्सिली फुकट मिळाव्यात, ही त्यांतली एक. गावातल्या प्रतिष्ठितांना हा मास्तर डोळ्यांत सलू लागला. त्यात तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद.

आणि मग एका मुलाला स्वप्न पडलं. स्वप्नात वर्गातली सगळी मुलं नगराध्यक्षांवर चालून गेली, कारण ते फुकट साहित्य देत नव्हते. नगराध्यक्षांनी चाकू काढून या मुलाच्या मांडीवर वार केला, मुलानं चिडून आपला चाकू काढला आणि त्यांना ठार केलं. मग फ्रेने गुरुजी नगराध्यक्ष झाले. मुलानं हे वर्गात सांगितलं, वर्गानं निवडलं, नेहमीप्रमाणे खिळे जुळले आणि पान छापून बाहेर गेलं.

इथं मी थोडा थांबतो. मुलाचं स्वप्न मुलाचं. ते त्यानं सांगावं, गुरुजींनी ऐकावं. पण छापताना नगराध्यक्ष हा शब्द गाळता आला नसता का? पाटील, राजा, राक्षस, काहीही चाललं असतं. मी त्या जागी असतो तर गाळला असता. फ्रेनेंनी तो ठेवला. मुलाच्या शब्दाला आपण हात लावायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं, आणि तत्त्व मोठं होतं यात शंका नाही. तरी ते पोर लहान होतं, गाव लहान होतं, आणि ज्या माणसाशी गुरुजींचं भांडण चालू होतं तोच त्या पानावर मेला होता. या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा नाही.

डिसेंबर १९३२ मध्ये एका सकाळी गाव उठलं, तर भिंतींवर पोस्टरं. त्यांवर मुलाचा मजकूर, आणि हा मास्तर तुमच्या मुलांना काय शिकवतो असा सवाल. शेजारच्या वर्गासाठी छापलेलं पान आता सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होतं. तिथून ते पॅरिसला गेलं. शार्ल मोरास हे राजेशाहीवादी उजव्या गटाचे पुढारी, 'आक्सियाँ फ्राँसेझ' हे त्यांचं दैनिक. त्यांनी फ्रेनेंवर तोफ डागली. मागोमाग इतर वर्तमानपत्रं. एका खेड्यातल्या वर्गातलं एका पोराचं स्वप्न देशभर गाजू लागलं. काही पालकांनी मुलांना शाळेत पाठवायचं बंद केलं. काही पालक मात्र गुरुजींच्या मागं ठाम उभे राहिले, आणि ते बहुतेक गरीब होते. एप्रिल १९३३ मध्ये ईस्टरच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी विरोधकांचा जमाव शाळेवर चालून आला. आत मुलं होती.

देशभरच्या शिक्षकांनी निषेधाची पत्रं लिहिली. फिरत्या वहीनं जोडलेली माणसं या वेळी उभी राहिली. पण सरकारी खातं काय करणार, हे कुणीही सांगू शकलं असतं. वाद मिटवायचा तर ज्याच्यामुळे वाद झाला त्याला हलवायचं. १९३३ च्या उन्हाळ्यात फ्रेनेंची बदली झाली. पुन्हा बार-स्यूर-लूला, जिथून सुरुवात केली तिथंच. त्यांनी प्रकृतीच्या कारणानं रजा घेतली आणि सरकारी शाळेत ते परत गेलेच नाहीत.

पुढं व्हाँस गावाजवळच्या टेकडीवर त्यांनी स्वतःची शाळा काढली. पैसे नव्हतेच. मुलं, शिक्षक, स्नेही सगळ्यांनी मिळून भिंती बांधल्या. परवानगीसाठी पुन्हा भांडण, आणि १९३५ मध्ये ती रीतसर सुरू झाली. स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा तिथून आलेली निर्वासित मुलं त्यांनी ठेवून घेतली. दुसरं महायुद्ध आलं आणि मार्च १९४० मध्ये फ्रेनेंना अटक झाली. छावण्यांमध्ये दीड वर्षाहून अधिक काळ गेला. अधू फुप्फुसाच्या माणसाला ते कसं गेलं असेल ते काय सांगावं. ऑक्टोबर १९४१ मध्ये सुटले ते पोलिसांच्या नजरेखाली, एलीझच्या माहेरच्या डोंगराळ मुलखात. त्या काळात त्यांनी बरंच लिहिलं.

युद्धानंतर चळवळ वाढली. १९४७ मध्ये तिची नवी संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये त्यांच्या जीवनावर बेतलेला 'लेकोल ब्युइसोनिएर' हा चित्रपट आला. त्यातल्या मास्तरचं नाव मात्र पास्काल, आणि श्रेयावरून वादही झाला. याच सुमाराला त्यांचा पूर्वीचा पक्ष त्यांच्यावर उलटला. १९५० पासून कम्युनिस्ट विचारवंतांनी त्यांच्यावर लेखामागून लेख लिहिले. आधी उजव्यांनी झोडपलं, नंतर डाव्यांनी. १९६१ च्या सुमाराला चळवळीतला पॅरिसचा गट फुटून निघाला. फ्रेनेंचा स्वभाव हट्टी होता, हे त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत.

या सगळ्यात वर्गातलं छापणं एक दिवसही थांबवावं असं त्यांना वाटलं नाही. स्वप्नाचं पान गाजल्यावर त्यांनी छापखाना कुलपात ठेवला असता तर कुणीही दोष दिला नसता. व्हाँसच्या शाळेत पहिल्यापासून छापखाना होता. शिक्षकांचं पत्रक चालू होतं. वही फिरत होती. ८ ऑक्टोबर १९६६ रोजी व्हाँसमध्ये त्यांचं निधन झालं. सत्तरीला आठवडाभर कमी होता. देह गारला, जन्मगावी नेला. एलीझनी ते काम पुढं चालवलं. १९८३ मध्ये त्याही गेल्या. १९९१ मध्ये व्हाँसची शाळा फ्रान्सच्या सरकारनं आपल्याकडे घेतली. ज्या खात्यानं त्यांची बदली केली होती, तेच खातं.

हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा तिनं स्वप्नाच्या पानाविषयी काहीच विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल. ती बराच वेळ त्या फिरत्या वहीविषयी विचारत राहिली: एका वहीत किती जण असायचे, मुलांची नावं त्यात लिहीत का, वही मध्येच कुणाकडे अडकली तर काय करत. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. जाताना तिनं माझ्या टेबलावरची एक कोरी दोनशेपानी वही मागून घेतली.